काचपट्टी सरकवणारे सर

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि मन थेट प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी जाऊन उभं राहिलं. तिथे आपला एकुलता एक सूक्ष्मदर्शक आणि शेजारी सर. नाव लिहीत नाही. 'मायक्रोस्कोपवाले सर' म्हटलं की सगळ्या तुकड्यांना कळतं.

कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी म्हणून मी वहीत एक झकास गोल काढला होता. काळी जाड कड, आत लख्ख. सर हसले. "अगं, हा हवेचा बुडबुडा!" त्यांनी नखाने पट्टी जराशी सरकवली आणि विटांसारख्या पेशी ओळीने दिसू लागल्या. "एकाच जागी डोळा चिकटवून चित्र काढू नये. कडेपर्यंत फिरव."

आज मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या एका बाईंना पुन्हा रक्तस्राव होऊ लागला, म्हणून गर्भाशयातला तुकडा माझ्याकडे तपासणीला आला. नजर टाकताच कर्करोगाच्या वेड्यावाकड्या ग्रंथी, मोठी गडद केंद्रकं. कार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या किंवा अस्तराच्या पेशींचा कर्करोग, असं लिहायला घेतलंही होतं. सवयीने पट्टी कडेला नेली. तिथे ग्रंथी संपल्या होत्या. चातीसारख्या निमुळत्या पेशींचा गुंता, आणि त्यात कूर्चेचं, म्हणजे नाका-कानातल्या मऊ हाडाचं, एक निळसर बेट. गर्भाशयात कूर्चा! म्हणजे कार्सिनोसार्कोमा: कार्सिनोमा आणि सार्कोमा (स्नायू, हाड, कूर्चा अशा ऊतींचा कर्करोग) एकाच गाठीत. गर्भाशयाच्या कर्करोगांत शंभरात पाचसुद्धा नसतात हे. दोन रोग शेजारी शेजारी वाढलेत असं वाटतं, पण बहुतेकदा मूळ एकच. कार्सिनोमाच्याच पेशी रूप पालटून सार्कोमा होतात. नुसत्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या सुट्या पेशींत, तर पुष्कळदा कार्सिनोमाच्याच पेशी सापडतात, सार्कोमा निसटतो.

या गाठीचं जुनं नाव 'मिश्र म्युलेरियन'. ज्या भ्रूणनलिकांपासून गर्भाशय घडतं, त्यांचं वर्णन योहानेस म्युलर यांनी १८३० मध्ये केलं. पेशीसिद्धांताच्या धड्यात आपण घोकलेले श्वान आणि विरशॉ या म्युलरांचेच विद्यार्थी! सरांनी हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, मी बुडबुडा बघत असेन.

हल्ली शाळेत पेशी मोठ्या पडद्यावर दाखवतात म्हणे. असेल सोयीचं, मला मात्र ती खिडकीजवळची रांगच आठवते.

ती पट्टी सरांना दाखवायची होती. मी उशीर केला. कपाटात अजून आहे, कूर्चेच्या जागी शाईचा ठिपका दिलेला.