पुलाखालचं पाणी

मी सांगलीवाडीचा. सायकलवरून कृष्णेवरचा आयर्विन पूल ओलांडला की सांगलीत शाळा. 1929 सालचा तो पूल ओळखीचा होता, इंग्रजी नव्हती. ती पाचवीत भेटली आणि नववीपर्यंत तिच्याशी सूत काही जमलं नाही.

नववीत माझं आणि बाकावरच्या सोबत्याचं बोलणं बंद होतं. कारण सायकलचा पंप. वडिलांचा, पितळी नळीचा. त्यानं नेला तो आणलाच नाही. वर ‘कधीच दिला की’ म्हणून मोकळा. बाईंच्या कानावर गेलं. त्यांनी दोघांना उभं केलं आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, ‘वॉटर अंडर द ब्रिज’.

“अर्थ सांग.”

“पुलाखालचं पाणी.”

“हा शब्दांचा अर्थ. वाहून गेलेलं पाणी माघारी येत नाही, म्हणून घडून गेलेल्या गोष्टीवरून आता भांडण नको, हा त्यामागचा. आपण काय म्हणतो?”

“शिळ्या कढीला ऊत,” मागून कुणीतरी.

“जवळ आलास. झालं गेलं गंगेला मिळालं.” मग बाईंनी एक फरक सांगितला, तो पेपर वाचताना मी अजून ताडून पाहतो. ‘पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं’ असं आपण लिहितो ते बहुतेकदा काळ गेला, परिस्थिती पालटली एवढंच सांगायला. फळ्यावरच्या चार शब्दांत मात्र ‘जाऊ दे, सोडून दिलं’ हेही असतं.

मला काहीच सोडायचं नव्हतं. “पण बाई, आपल्याकडं पाणी माघारी येतं की! हरिपूरला संगमावर वारणा फुगली की कृष्णा तुंबते.”

वर्ग खिदळला. बाई म्हणाल्या, “बस खाली. भूगोलाचा तास नाही हा.”

2019 च्या ऑगस्टात आयर्विनपाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. आमच्या घरात माळ्याला टेकलं, त्या सोबत्याच्या गावभागातल्या घरातही तीच तऱ्हा. पाणी उतरल्यावर आठवड्यानं फोन आला, दहावीनंतरचा पहिलाच.

“लगा, माळ्यावरचं सगळं चिखलात आलंय. तुझा पंप गावला.”

“चालतोय का?”

“वायसर गेलाय.”