वरून धरणारं कोणीच नसलं तर

कापूस वेचणीला आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी. गणिताचा वर्ग निम्मा रिकामा होतो. त्या दिवशीही मोजकेच आले होते. त्यातल्या दोघी तर सकाळी पऱ्हाटीत जाऊन मग एसटीने आलेल्या.

विषय होता पॉझिटिव्ह लिनिअर फंक्शनलचा विस्तार. लिनिअर फंक्शनल म्हणजे प्रत्येक फंक्शनला एक आकडा, त्याची ‘किंमत’, देणारा नियम; बेरजेला किमतींची बेरीज, पटीला किमतीची पट. फंक्शन ऋण नसेल तर त्याला मिळणारी किंमतही ऋण नसावी, एवढीच ‘पॉझिटिव्ह’ची मागणी. छोट्या सबस्पेसवर, म्हणजे बेरजा आणि पटी आतच राहतील अशा काही फंक्शन्सच्या गटावर, किमती ठरलेल्या आहेत. ही मागणी न मोडता त्या मोठ्या स्पेसवर नेता येतील का? गणितज्ञ मार्सेल रीसने 1923 मध्ये मोमेंट प्रॉब्लेमसाठी (x च्या घातांची इंटिग्रल्स दिली, तर मूळ वितरण शोधा) हेच केलं. पुस्तकं हे हान-बानाखच्या प्रसिद्ध विस्तार-प्रमेयाच्या शेपटाला लावून उरकतात, ते मला कधीच पटलं नाही.

मी 0 ते 1 वरची स्टेप फंक्शन्स, म्हणजे तुकड्यातुकड्यांवर स्थिर असणारी, घेतली. किंमत म्हणजे नेहमीचं इंटिग्रल. आता नवं बाउंडेड फंक्शन g आणायचं. त्याच्या खाली बसणाऱ्या स्टेप फंक्शन्सच्या किमतींचा सुप्रीमम (वरची सगळ्यात लहान मर्यादा) आणि वर बसणाऱ्यांच्या किमतींचा इन्फिमम (खालची सगळ्यात मोठी मर्यादा), या दोघांच्या मधे g ची किंमत कुठेही ठेवा, मागणी मोडत नाही. पुढे एकेक फंक्शन असंच आणत जायचं, बाकीचं, म्हणजे हे अनंत पायऱ्यांचं काम शेवटाला नेणं, झॉर्नचा लेमा सांभाळतो. परिमेय बिंदूंवर 1 आणि इतरत्र 0 असं डिरिक्लेचं फंक्शन घेतलं, तर खालून 0 येतो, वरून 1.

“म्हंजे सर, मधातला कोन्ताही आकडा चालते?”

“चालते.”

“मंग मी अर्धा लिहितो.”

“लिही.” वर्ग हसला. त्याने खरंच लिहिलं.

मग मी रीसच्या प्रमेयाची अट लिहिली: मोठ्या स्पेसमधल्या प्रत्येक फंक्शनच्या वर सबस्पेसमधलं एक तरी फंक्शन असलं पाहिजे. विचारलं, ही अट काऊन लागते? आणि खडू ठेवून दिला. मी एक बोजड उदाहरण तयार करून आणलं होतं, पण घाई केली नाही.

बोंडांनी बोटं ओरखडलेली एक मुलगी फळ्याशी आली. तिने पूर्ण वास्तव रेषा घेतली. सबस्पेस म्हणजे एखाद्या मर्यादित अंतराबाहेर शून्य होणारी संतत फंक्शन्स, किंमत म्हणजे इंटिग्रल. मोठी स्पेस सगळ्या संतत फंक्शन्सची. नवं फंक्शन? स्थिरांक 1.

“याच्या खाली −n ते n परेंत 1, मंग उतरत 0. याचं इंटिग्रल 2n हून कमी नाही. म्हंजे 1 ची किंमत 2 तरी पायजे, 4 तरी पायजे, 6 तरी पायजे. थांबतच नाही सर. वरतून धरनारं कोनी नाही ना!”

चार ओळींत संपलं. माझं उदाहरण मी वहीतच ठेवलं.

अर्धावाला मात्र अडून बसला. “पन सर, माझा अर्धा बरोबर का लेबेगचा शून्य?”

लेबेगच्या इंटिग्रलने डिरिक्लेच्या फंक्शनला 0 मिळतो. नुसत्या पॉझिटिव्हपणाला दोन्ही मान्य आहेत. 1918 मध्ये पर्सी डॅनियलने आणखी एक मागणी घातली: फंक्शन्स प्रत्येक बिंदूवर उतरत 0 कडे गेली, तर किमतीही 0 कडे गेल्या पाहिजेत. परिमेय संख्यांना क्रमांक द्या. पहिल्या n बिंदूंवरच 1 असलेल्या स्टेप फंक्शनचं इंटिग्रल 0 असतं. ही फंक्शन्स चढत चढत डिरिक्लेच्या फंक्शनला पोचतात, उरलेला फरक उतरत 0 कडे जातो. मग किंमत 0 च.

त्याने वहीतला अर्धा खोडला नाही. बाजूला ‘डॅनियल सोडून’ एवढं लिहिलं.