दीड मत

आमच्या तलवारबाजीच्या वर्गातला बॉक्स, म्हणजे टोक लागलं की दिवा पेटवणारं यंत्र, बंद पडला तो शनिवारी, संध्याकाळच्या बॅचला. लाल नाही, हिरवा नाही, काहीच पेटेना. खेळाडूला बॉक्सशी जोडणाऱ्या वायरी, म्हणजे रील आणि बॉडी कॉर्ड, बदलल्या, प्लग काढून पुन्हा लावला (आपला राष्ट्रीय उपाय). ढिम्म. मुलं लॅमे (धातूच्या धाग्यांचं जॅकेट) चढवून तयार उभी, आणि जिल्हा स्पर्धा आठवड्यावर.

म्हटलं, जुन्या पद्धतीनं खेळू. ऑलिंपिकमध्ये फॉईलला (आमची तलवार; टोक धडावर लागलं तरच गुण) वीज आली ती १९५६ साली. सेबर या दुसऱ्या तलवारीचे टच (लागलेले वार) तर १९८८च्या सोलपर्यंत माणसंच बघत होती. मधे प्रेसिडेंट, म्हणजे मुख्य पंच, कडेला चार जज. प्रत्येक खेळाडूच्या मागे डावी-उजवीकडे एकेक, पण नजर समोरच्यावर. टच दिसला की हात वर. जजचं मत एक, प्रेसिडेंटचं दीड.

"दीड?" पोरं खिदळली.

प्रेसिडेंट अर्थात मी. सुरुवातीला गंमतच झाली. टच झाला की सगळ्यांच्या माना बंद बॉक्सकडे वळायच्या. माझीसुद्धा. आमचा सगळ्यात चपळ मुलगा खांद्यावरून पातं झटकून पाठीवर टोक टेकवतो. एरवी दिवा लागतो. आज जज म्हणाले, "दिसलं नाही." तीनदा. चौथ्या वेळी स्वारी मुकाट्यानं सरळ लंज (पाय पुढे टाकून वार) मारायला लागली, पातं कमानीसारखं वाकेल असा.

मग मुलींची बाऊट (लढत), ४–४. डावीकडून लंज, पॅरी (वार अडवणं) चुकली, टोक छातीवर. मी स्वच्छ पाहिलं.

"टच!"

दोन्ही जज म्हणाल्या, "लागलं, पण दंडावर."

"छातीवर होतं."

"सर," त्यातली बारा वर्षांची म्हणाली, "आमची दोन मतं. तुमचं दीड."

जिला लागलं होतं तिनंही मास्क वर करून दंड चोळत मान डोलावली.

दहा वर्षं मी फॉईलचा रेफरी आहे. हल्ला कुणाचा, पॅरी झाली की नाही, एवढंच ठरवत आलो. लागलं की नाही, आणि कुठं, हे कायम दिव्यानं सांगितलं. तो जागेवर नव्हता तर मी छातीवर टोक पाहिलं, कारण लंज तिकडेच निघाला होता.

टच रद्द केला. ‘ऑन गार्ड’ (तयार व्हा) म्हणतोय तेवढ्यात वॉचमन हॉलचे दिवे घालवायला आला. ती बाऊट अजून ४–४ वरच आहे.