इंदूरहून कान्हा, आणि सफारीचे पैसे नक्की कधी द्यायचे

डिसेंबरात कान्हाला जाऊन आलो, आम्ही दोघं, मुलगी आणि रामबागेतले काका-काकू. इंदूरहून रात्रीची जबलपूर गाडी, पुढे टॅक्सीनं मंडल्यावरून खटिया, म्हणजे कान्हाचं एक गेट. बारासिंगे पोटभर बघितले, वाघ एकदाच आणि तोही पाठमोरा. पण आल्यापासून जो तो विचारतोय ते एजंटचं आणि पैशांचं, म्हणून तेच जरा सविस्तर लिहितो.

कोअर झोनचं, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागाचं परमिट एमपी ऑनलाइनच्या सरकारी पोर्टलवर निघतं आणि ते काढताना प्रत्येकाचं नाव, ओळखपत्राचा नंबर टाकावाच लागतो. आम्ही आधी ज्या एजंटशी बोललो त्यानं नावं विचारलीच नाहीत, डायरेक्ट "आज पूर्ण पैसे टाका, झोन ब्लॉक करून ठेवतो". अरे पण ब्लॉक कुणाच्या नावानं करणार? काकांनी हेच विचारलं तर म्हणे सीट जाईल, घाई करा. वर बुधवारी संध्याकाळची कोअर सफारी पण देत होता, आणि बुधवारी दुपारनंतर पार्क बंद असतं! क्यूआर स्कॅन केला तर नाव तिसऱ्याच माणसाचं आलं. तिथंच राम राम केला.

दुसरा सरळ निघाला. आधी ओळखपत्रांचे नंबर मागितले, आम्ही आधी फक्त परमिटचे पैसे दिले, संध्याकाळी पीडीएफ आली, त्यात नावं, तारीख, शिफ्ट आणि गेट बघून घेतलं. गेट नक्की बघा हं, मुक्की आणि खटिया ही दोन टोकं आहेत, रिसॉर्ट एकीकडे आणि परमिट दुसरीकडे निघालं तर पहाटेची सफारी गेलीच समजा. मग रिसॉर्टला स्वतः फोन करून बुकिंग आहे ना ते विचारलं, तेव्हा कुठे रूमचा अॅडव्हान्स, उरलेले चेक-इनला. अॅडव्हान्स क्रेडिट कार्डानं दिला, थोडा चार्ज जास्त लागला पण कार्डावर बँकेकडे तक्रार तरी करता येते, यूपीआयनं आपणच पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड.

इंदूरची फर्म असेल तर जीएसटी नंबर 23 नं सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर टाकला की फर्मचं नाव दिसतं, पैसे त्याच नावाच्या खात्यात जातायत ना ते बघायचं. छोट्या एजंटकडे नंबर नसेलही, लगेच चोर समजू नका, पण मग परमिट हातात येईपर्यंत मोठी रक्कम देऊ नका.

खटिया गेटवर पहाटे कुडकुडत उभे होतो तेव्हा पुढच्या कुटुंबाच्या प्रिंटवर त्यांची नावं होती आणि गेटवरच्या नोंदीत भलत्याचीच. पोरं स्वेटर-टोप्या घालून तयार, आणि गाडी काही आत सोडली नाही. परमिट दुसऱ्याच्या नावावर चालत नाही, ओरिजिनल ओळखपत्र बघतात.

पैसे गेलेच तर तासभर एजंटला फोन करत बसू नका, आधी 1930 लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. आणि "रिफंड देतो, पिन टाका" म्हणाला तर सरळ फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

जिप्सीचं (सफारीच्या उघड्या जीपचं) भाडं पॅकेजमध्ये आहे की गेटवर वेगळं, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, सकाळी सकाळी वाद तिथंच होतात.