पांढरी तीनचा मंद्र पंचम जागेवर आला

थंडी पडल्यापासून माझ्या पांढरी तीनच्या (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा असलेल्या) मोठ्या बासरीचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, फाटत होता. मध्य सप्तक स्वच्छ, पण सहाही छिद्रं झाकली की सूर ठरायच्या आत वरच्या सप्तकात उडी. अशा वेळी आपण महिनाभर फुंकीवरच मेहनत करत बसतो. माझं म्हणणं, आधी गळती तपासा. मंद्र पंचमाला सगळी नळी बंद लागते. हवा कुठूनही निसटली तरी पहिला तोच बिघडतो.

छिद्रांवर चिकटपट्टी लावली, खालचं टोक तळव्याने दाबलं आणि मुखरंध्रातून हवा ओढली. ओठांना लागलेली ओढ टिकायला हवी. इथे ती लगेच सुटत होती. बासरी उजेडात फिरवल्यावर मुखरंध्राच्या खाली केसाएवढी चीर दिसली. बांबू पावसाळ्यात ओल धरतो, थंडीच्या कोरड्या हवेत बाहेरून आकसतो, आणि आतून आपल्या श्वासाची वाफ सुरूच. मग तो उभा तडकतो.

चिरेत सुईच्या टोकाने फेव्हिक्विक सोडलं. पातळ असल्याने ते आपोआप आत शिरलं. तेल मात्र त्याआधी अजिबात लावू नका, चिकट धरत नाही.

खरं काम दोऱ्याचं. नायलॉनच्या दोऱ्याचा लांबट फास नळीवर उभा ठेवायचा आणि त्यावरून वेढे घ्यायचे, घट्ट, एकाला एक भिडवून. चिरेच्या दोन्ही टोकांपलीकडे थोडं जायचंच, नाहीतर ती पुढे सरकते. शेवटचं टोक फासातून ओवून सुरुवातीचं टोक ओढलं की फास वेढ्यांखाली जातो. गाठ नको, बोटाला टोचत नाही. जास्तीचा दोरा कापला की झालं.

मग सळईला मलमल गुंडाळून आतून बदामतेलाचा पातळ हात फिरवला, मुखरंध्राजवळचं टोक बंद करणाऱ्या बुचाला न लावता. बूच सरकलेलं नाही ना, हेही बघून घेतलं: ते मुखरंध्रापासून लांब गेलं की तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, उतरतो.

ट्यूनर लावण्याआधी बासरी वाजवून गरम केली. तापमानातल्या दहा अंश सेल्सिअसच्या फरकाने सूर साधारण ३० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलतो, त्यामुळे गार बासरीचं माप धरू नये.

पंचम आता हलक्या फुंकरीलाही उभा राहतो. माझ्या दुसऱ्या, काळी पाचच्या बासरीला अजून चीर नाही, तरी मुखरंध्र आणि पहिल्या स्वररंध्राच्या मध्ये दोन ठिकाणी दोरा आत्ताच बांधायला घेतलाय.