‘सर, गाडी तर येते, मग लर्निंग लायसन्स कशाला?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि विचारणारे तुम्ही एकटे नाही. हेवी गाड्या शिकवणाऱ्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मी शिकवतो. त्याआधी पुणे-बेंगळुरू लाइनला ट्रक चालवायचो. शिकायला येणाऱ्या पोरांपैकी बरीचशी कुणाच्या तरी गाडीवर क्लीनर असतात, आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘सर, गाडी तर येते. डायरेक्ट पक्कं लायसन्सच काढून द्या ना.’

येते म्हणजे कशी येते, ते मला ठाऊक असतं. पहाटे अडीच-तीनला ड्रायव्हरचे डोळे जड व्हायला लागतात. पुढे रस्ता सरळ आणि मोकळा. तो म्हणतो, ‘घे जरा.’ क्लीनर स्टेअरिंगवर, ड्रायव्हर मागच्या बर्थवर, डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, माल ठासून भरलेला. असं महिनोन्‌महिने चालतं आणि पोरगं खरंच शिकतं. गिअर टाकतं, लेन धरतं, ओव्हरटेकसुद्धा करतं. त्याला येत नाही असं मी कधीच म्हणत नाही. मी त्याला एवढंच विचारतो, की मालकाच्या गाडीची विम्याची पॉलिसी कधी उघडून बघितली आहेस का?

मालवाहू गाडीच्या पॉलिसीत ड्रायव्हरबद्दल एक कलम असतं. शिकाऊ लायसन्सवालाही गाडी चालवू शकतो, असं ते सांगतं. मात्र त्याला दोन अटी आहेत. अपघात झाला त्या वेळी गाडी माल वाहून नेत नसली पाहिजे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळलेला असला पाहिजे. नियम ३ साधा आहे. त्या वर्गाचं पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी हवा, तोही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला. पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’, पाटी निदान १८ सेंटिमीटर चौरस. आता ते ‘घे जरा’ आठवा. गाडी भरलेली, उस्ताद झोपलेला, पाटीचा पत्ता नाही, आणि लर्निंग तर मुळातच नाही. काही झालंच तर कोर्ट बऱ्याचदा विमा कंपनीला जखमींची भरपाई आधी द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मोकळीक देतं. म्हणजे गाडी कर्जावर असलेल्या मालकाचा संसारच रस्त्यावर. विनालायसन्स चालवण्याचा पाच हजारांचा दंड आणि चालवायला देणाऱ्या मालकाचा वेगळा पाच हजारांचा दंड त्यापुढे किरकोळच म्हणायचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की लर्निंग शिकायला सुरुवात करायच्या आधी काढायचं. आपल्याकडे ते सगळं शिकून झाल्यावर, पक्क्याच्या वाटेतली एक पायरी म्हणून काढतात. माणसाला गाडी येत नाही हे कबूल करून कायदा त्याला ट्रकच्या स्टेअरिंगवर बसू देतो, ते फक्त लर्निंगच्या सहा महिन्यांत. त्या काळात शेजारी जाणकार ही कायद्याची अट आणि डाला रिकामा ही विम्याची. पोरं मात्र नेमका हाच काळ पक्क्याच्या तारखेची वाट बघत घालवतात.

आता वयाचं. ट्रकसाठी म्हणजे ट्रान्सपोर्ट वाहनासाठी २० वर्षं पूर्ण लागतात, आणि लर्निंग मिळायच्या आधी हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे कारचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं लागतं. सगळ्यात जास्त पोरं इथे अडतात. एकविसाव्या वर्षी येतात, हातात फक्त मोटरसायकलचं लायसन्स. मग आधी कारचं लर्निंग, मग पक्कं, मग वर्षभर थांबा. कारचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं. ज्याला ट्रकवर जायचंय त्याने अठरा पूर्ण होताच ते काढून ठेवावं, घरी कार असो वा नसो. पूर्वी आठवी पासची अटही होती. ती २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे शाळा सुटलेल्यांची अडचण राहिली नाही.

पण तुम्हाला हे ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागतं तरी का, तेही बघा. छोटा टेम्पो किंवा पिकअप चालवायला काही जण उगाच पैसे भरून बसतात. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल, तर मालवाहू गाडीसुद्धा कारच्या लायसन्सवर चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आरसी बुकात वजन लिहिलेलं असतं. ते वाचा आणि मगच माझ्याकडे या.

कागद फार नाहीत. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर करायचा. ट्रान्सपोर्टसाठी डॉक्टरांनी तपासून भरलेला फॉर्म १-अ लागतोच. ‘ओळखीच्या डॉक्टरांकडून शिक्का आणू का?’ असं विचारणाऱ्याला मी खरी तपासणी करून यायला सांगतो. त्या फॉर्ममध्ये २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, रंग ओळखता येतात का, ऐकू नीट येतं का, रातांधळेपणा आहे का, असले प्रश्न आहेत. रात्रभर समोरच्या गाड्यांचे दिवे झेलायचे, तर यातलं एकही उत्तर उसनं चालत नाही. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर २०२० पासून लायसन्स मिळू शकतं, तेव्हा घाबरून लपवायचंही कारण नाही.

लर्निंगचे दिवस कशात घालवायचे? माझ्या मते हवा, म्हणजे ट्रकचे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक, आणि उतार, या दोन गोष्टींत. बाकी सगळं हाताच्या सवयीने येतं.

हवेचा धडा मी उभ्या गाडीवर देतो. चाकांना गुटके लावायचे, प्रेशर पूर्ण भरू द्यायचं आणि मग इंजिन बंद. आता ब्रेक दाबत राहा आणि हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघा. प्रत्येक दाबाला काटा खाली येतो. थोड्या वेळाने बझर ओरडायला लागतो. वर्षानुवर्षं क्लीनरकी केलेल्यांनीही हे आधी कधी बघितलेलं नसतं, कारण गाडी चालू असताना कंप्रेसर गुपचूप हवा भरत असतो. मग मी विचारतो, की हवा पार संपली तर पार्किंग ब्रेकचं काय होईल? बहुतेकांचं उत्तर येतं, ब्रेक सुटेल. होतं उलटं. पार्किंग ब्रेक स्प्रिंगचा असतो, हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते म्हणून चाकं मोकळी फिरतात. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि मागची चाकं जखडतात. रस्त्याच्या मधोमध गाडी अचानक खिळली तर ती बिघडली म्हणून शिव्या घालायच्या, की हवा कुठून गळतेय ते शोधायचं, हे त्या दिवशी कळतं.

उताराचा धडा पुण्यातच मिळतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत रस्ता लांबवर उतरत जातो. तिथले जड गाड्यांचे अपघात तुम्ही बातम्यांत वाचलेच असतील. डिझेल वाचवायला कुणी तिथे गाडी न्यूट्रल करतो, तर कुणी इंजिनच बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापतात आणि तापले की पकडत नाहीत. पाय तळाला टेकलेला असतो आणि गाडी पळत असते. इंजिन बंद असेल तर पॉवर स्टेअरिंग जड झालेलं आणि नवी हवा भरत नाही. म्हणजे उभ्या गाडीवर जो काटा खाली येताना बघितला, तोच इथे उतारावर, मागे माल घेऊन. जो गिअर चढताना लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) वापरायचा आणि पायाचा ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून मारायचा. ‘घे जरा’ म्हणणारा उस्ताद हे सांगत नाही, कारण घाट आला की तो स्वतः उठून बसतो. क्लीनरला फक्त सपाट रस्ता मिळतो.

लर्निंगला ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. ट्रान्सपोर्टला ट्रेनिंग स्कूलचं फॉर्म ५ प्रमाणपत्रही जोडावं लागतं, त्यामुळे नुसतं मालकाच्या गाडीवर शिकून भागत नाही. सहा महिने उलटले आणि टेस्ट राहिली, तर पुन्हा नवं लर्निंग. ज्वालाग्राही मालाचा टँकर चालवायचा असेल तर आणखी तीन दिवसांचा कोर्स आहे, पण तो पुढचा विचार.

एका गोष्टीवर मात्र माझा आणि कायद्याचा कायमचा वाद आहे. कार्डावर एकच शब्द येतो, ‘ट्रान्स’. १९९४ च्या दुरुस्तीने मध्यम आणि जड असे वेगळे वर्ग काढून सगळं या एका शब्दात घातलं. स्कूलच्या सहा टायर गाडीवर टेस्ट दिलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी बावीस टायर ट्रेलर हातात घ्यायलाही कागदाची आडकाठी नाही, आणि ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून मालक तो देतोही. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. सहा टायरवर ते शिकायचा प्रश्नच येत नाही. माझ्याकडून पक्कं घेऊन जाणाऱ्याला मी सांगतो, वर्षभर सहा टायरच धर, मग दहा, मग चौदा. पगार जरा कमी मिळेल. ट्रेलरचा मालक फार मागे लागला, तर त्याला म्हणावं, आधी महिनाभर तुमच्या जुन्या ड्रायव्हरशेजारी बसवा.