सोलापूरच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा डायपोल: तार किती कापायची?

डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली, दोन समान बाजूंची तारेची अँटेना; हौशी रेडिओवाले ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) ती ताणतात. तिची लांबी काढताना बरेच जण १५० ला मेगाहर्ट्झने भागतात आणि तार कापून मोकळे होतात. ७.१ मेगाहर्ट्झला उत्तर येतं २१.१३ मीटर. हे गणित निर्वात पोकळीचं, तारेला जाडीच नाही असं धरून केलेलं. टोकांच्या परिणामामुळे खरी तार साधारण ५ टक्के आखूड लागते. म्हणून १४२.५ ला भागा: २०.०७ मीटर, म्हणजे एकेक बाजू १०.०४. घरच्या वायरिंगची पीव्हीसी तार असेल तर आवरणापायी आणखी २ ते ४ टक्के कमी. कोॲक्सचा, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलचा, ०.६६ हा आकडा इथे लावू नका. तो केबलच्या आतल्या लहरीच्या वेगाचा आहे, उघड्यावर ताणलेल्या तारेशी त्याचा संबंध नाही.

एवढं करूनही सुरुवातीला एकेक बाजू १०.४० मीटर ठेवा, कारण तुमच्या गच्चीचा परिणाम सूत्राला माहीत नसतो. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडचे पत्रे शेजारीच असतात, कुठे स्लॅबच्या सळया, कुठे लोखंडी टाकीचा स्टँड. तार त्यांच्या जितकी जवळ, तितकी अँटेना जुळते ती वारंवारता सरकते. २० मीटर सरळ जागा क्वचितच मिळते, त्यामुळे जिन्याच्या खोलीवर काठी उभी करून तार उलट्या व्हीसारखी सोडावी. मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. टोकं हाताला लागणार नाहीत एवढी उंच ठेवा, प्रक्षेपण करताना सर्वाधिक व्होल्टेज तिथेच असतं. वीजवाहिनीच्या आसपास तर तार नेऊच नका.

मोजमाप मधल्या इन्सुलेटरपासून घेतात, इथेच चूक होते. कोॲक्स सोलून जाळी आणि आतली तार वेगळी केली की ती दोन्ही शेपटंही अँटेनातच मोजली जातात. प्रत्येकी ५ सेंटिमीटरची शेपटं म्हणजे सुमारे ३५ किलोहर्ट्झचा फरक.

आता नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) किंवा एसडब्ल्यूआर मीटरने सर्वांत कमी एसडब्ल्यूआर कुठे येतो ते बघा; अँटेना जितकी नीट जुळते तितका हा आकडा कमी. समजा ६.८५ मेगाहर्ट्झवर आला. नवी लांबी = जुनी लांबी × मिळालेली वारंवारता ÷ हवी ती वारंवारता. १०.४० × ६.८५ ÷ ७.१ = १०.०३. म्हणजे प्रत्येक बाजू ३७ सेंटिमीटर जास्त आहे. एकदम कापू नका. आधी प्रत्येक बाजूचे ३० कापा, तार त्याच उंचीवर पुन्हा चढवा, मोजा. गच्चीवर पसरून घेतलेलं माप निरुपयोगी. शेवटी प्रत्येक बाजूच्या १ सेंटिमीटरला साधारण ७ किलोहर्ट्झ हा हिशेब धरा.

कोॲक्सला हात लावताच आकडे हलले तर लांबीशी खेळत बसू नका. केबलची बाहेरची बाजूच अँटेना झालेली असते. बाहेरून वाहणारा हा प्रवाह अडवायला जोडणीच्या अगदी खाली आरजी-५८ (पातळ कोॲक्स) ची सुमारे पाच मीटर केबल १५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपवर १० वेढ्यांत गुंडाळा, मग पुन्हा मोजा.

उन्हाळ्यात माप बदललं की लोक उष्णतेला दोष देतात. तापमान ३० अंशांनी वाढलं तरी २० मीटर तांबं जेमतेम १ सेंटिमीटर वाढतं. बहुधा दोरी सैल पडून तार खाली आलेली असते. नायलॉनची दोरी आपल्या उन्हात लवकर कुजते, ती आधी तपासा.

२ मीटर बँडवर मात्र इतकी सवलत नाही. १४५ मेगाहर्ट्झला एकेक बाजू ४९ सेंटिमीटर, आणि दोन्हीकडे १ सेंटिमीटर चुकलं की वारंवारता ३ मेगाहर्ट्झ सरकते. आपला बँड १४४ ते १४६ एवढाच. तिथे ५१ पासून सुरुवात करा आणि शेवटचे काही मिलिमीटर पक्कडने न तोडता कानशीने घासा.